नवा स्टेंट आधी कुणाच्या हृदयात?



गावात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की आपण म्हणतो, "त्यांना स्प्रिंग टाकली." ही स्प्रिंग म्हणजेच स्टेंट, धातूच्या बारीक जाळीची नळी. हृदयाला रक्त पुरवणारी शीर चरबी साचून अरुंद झाली, की फुग्यानं ती रुंद करतात आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत स्टेंट ठेवतात. धातूचा स्टेंट एकदा बसला की तो जन्मभर आतच राहतो. म्हणून नव्या प्रकारचा स्टेंट थेट माणसाला बसवत नाहीत, आधी जनावरात तपासतात.

कोणत्या जनावरात? बहुतेक वेळा डुकरात, काही वेळा सशात. डुकराच्या हृदयाचा आकार आणि शिरांची ठेवण माणसाशी बरीच जुळते. भूल देऊन, माणसाला बसवतात तसाच स्टेंट बसवतात. मग काही जनावरांच्या शिरा साधारण 28 दिवसांनी, तर काहींच्या आणखी काही महिन्यांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गुठळी झाली का? आतून मांस वाढून शीर पुन्हा अरुंद झाली का? जाळीवर नवं अस्तर आलं का? यात जनावराचा जीव जातो, हे लपवायचं कशाला? म्हणूनच आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि असा प्रयोग करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते.

पण जनावरात पास झाला म्हणजे माणसात पास झाला, असं नाही. प्रयोगातलं डुक्कर बहुधा तरुण आणि निरोगी असतं. आपल्या माणसाला साखर असते, बीपी असतो, तंबाखू असते. शिवाय जनावराची जखम आपल्यापेक्षा लवकर भरते. औषध लावलेले स्टेंट 2003 च्या सुमारास वापरात आले. काही रुग्णांना वर्षभरानंतरही स्टेंटमध्ये गुठळी होते, हे पुढं माणसांच्या अनुभवातूनच ठळक झालं. म्हणून जनावरांनंतर माणसांवर चाचणी होते, तीही संमती घेऊनच.

उद्या घरच्या माणसासाठी कुणी असा संमतीचा कागद पुढं केला, तर घाईनं अंगठा देऊ नका. विचारा: हा स्टेंट चाचणीतला आहे का? आधी किती माणसांना बसवला? नेहमीचा स्टेंट मिळेल का? काही बिघडलं तर उपचार कोण करणार? कागद मराठीत वाचून दाखवा म्हणा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि स्टेंट कोणताही असो, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बरं वाटतंय, पैसे संपले, दात काढायचाय, कारण काहीही असलं तरी आधी विचारा. गोळ्या अचानक थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं जरूर सांगा.