मुलीचा पास फुकट, मग मुलाचं काय?



पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना पासासाठी एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई म्हणाली, "मला दोन्ही मुलगेच. गरिबी काय मुलगा-मुलगी बघून येते?"

आम्ही गप्प झालो. तिचं खोटं नव्हतं.

मग आम्ही आपापलं आठवलं. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची लांब. पैसे एकापुरतेच, म्हणून भाऊ गेला. आम्ही घरी राहिलो, धाकटी भावंडं सांभाळली आणि लवकर लग्नं झाली. मुलाला पैसा अडवतो. मुलीला पैसाही अडवतो आणि घरही. पास फुकट असला की घराकडे एक सबब कमी उरते. म्हणून ही सवलत आम्हाला रास्त वाटते.

पण पासापायी त्या ताईचा मुलगा ऊसतोडीला जाऊ लागला, तर तेही आम्हाला बघवणार नाही. त्याच्या पासासाठी गटाच्या बचतीतून बिनव्याजी पैसे द्यायचं आम्ही ठरवलं. मुलींची सवलत काढा, असं मात्र त्या ताईनंही म्हटलं नाही.

तुमच्या गटात कुणाचं पोर अडलंय? पुढच्या बैठकीत जरूर विचारा.