फिरते घर : कॅनडातील एका सहलीची तयारी

(गणेशोत्सवातील ज्येष्ठांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. जबलपूरला राहून आयुष्यभर रेल्वेचे रूळ तपासले. पण आपल्यापैकी अनेकांची मुले आता परदेशी आहेत, उन्हाळ्यात तिकडे जाणे होते. त्यांना उपयोगी पडेल असा एक अनुभव सांगतो.

आमचा मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. २०२३ च्या जुलैत आम्ही उभयतां त्याच्याकडे जाणार होतो. त्याआधीच, हिवाळ्यात, त्याचा फोन आला. "बाबा, क्लिअर लेकला चार दिवस आर.व्ही. घेऊन जाऊ. प्लॅनिंग मात्र तुम्ही करायचं." आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर : बिछाने, शेगडी, फ्रीज, संडास, सगळे गाडीतच.

मी म्हटले, "अरे, मला त्यातलं काय कळतं?" तो म्हणाला, "पचमढीचं तुम्हीच केलं होतं ना?"

मी गप्प झालो. तो सहावीत असताना जूनअखेर पचमढीला जायचे ठरले होते. बॅगा भरून झाल्या आणि पावसाने रुळाखालची माती वाहून गेल्याचा निरोप आला. मी रात्रीच साइटवर गेलो. पुढेही दोनदा असेच झाले. त्याने कधी तक्रार केली नाही, पण विसरलाही नव्हता. मी त्याच दिवशी एक वही घातली.

पहिले पान जागेचे. क्लिअर लेक हे मॅनिटोबातल्या रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानात आहे. सभोवार सपाट गव्हाचा मुलूख, मध्येच जंगलाचा उंचवटा आणि त्यात हे नितळ तळे. काठावर वासागामिंग नावाची वस्ती आहे, तिथेच कॅम्पग्राउंड. उन्हाळ्याचे आरक्षण कित्येक महिने आधी ऑनलाइन सुरू होते आणि तिथे आपल्या तत्काळसारखीच झुंबड असते. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ; आम्ही फोन कानाला लावून बसलो होतो. वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्यांच्या जागा गेल्या, नुसत्या विजेची मिळाली.

म्हणून दुसरे पान पाण्याचे. गाडीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. आमची स्वच्छ पाण्याची टाकी दीडशे लिटरची, माणसे पाच. अंघोळी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात करायच्या, असा नियम मी केला. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची, हा सौभाग्यवतींचा. परतताना मैला नेमलेल्या जागीच रिकामा करायचा. आधी संडासाची टाकी, नंतर मोरीची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते.

तिसरे पान रस्त्याचे. विनिपेगहून पश्चिमेला पोर्टेज ला प्रेरी, पुढे १६ नंबरच्या हायवेने नीपावा, मिनेडोसा, आणि तिथून १० नंबरने उत्तरेला. मैदानात वाऱ्याला आडोसा नाही. उंच गाडीला बाजूचा वारा ढकलतो. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळी लवकर निघालो.

चौथे पान नियमांचे. जळाऊ लाकूड बाहेरून न्यायचे नाही, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथे काळी अस्वले आहेत, म्हणून खाण्याचे काहीही बाहेर ठेवायचे नाही. आमचा चिवड्याचा डबासुद्धा आत. त्याच वर्षी पुढे तळ्यात झेब्रा शिंपले सापडले आणि २०२४ मध्ये खासगी बोटींना बंदी झाली. तेव्हा बोट न्यायची असेल तर त्या वर्षीचे नियम आधी पाहावेत.

पोहोचल्यावर मुलगा लगेच चहा टाकायला निघाला. मी थांबवले. गाडी तिरकी असेल तर तिथला गॅसवरचा फ्रीज नीट चालत नाही. स्पिरिट लेव्हल लावली, चाकांखाली फळ्या सरकवल्या, अडण्या घातल्या. सून म्हणाली, "बाबांची नोकरी अजून संपली नाही!"

संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना मुलाने एक गोष्ट सांगितली. या काठावर ओजिब्वे लोकांची कीसीकूवेनिन ही वस्ती होती. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९३६ मध्ये त्यांना हुसकावले, घरे जाळली. बरीचशी जमीन १९९४ मध्ये परत मिळाली. आपण इथे बाहेरून येऊन घरे केली, ती निवांतपणे. त्यांचे घर तर तिथेच होते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या रात्री जोराचे वादळ झाले. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. सवयीने मी उठून बसलो. समोरच्या बिछान्यावरून मुलगा म्हणाला, "बाबा, साइटवर निघालात का?"

मी म्हटले, "नाही रे. या वेळी सुट्टी मंजूर आहे."

तो हसला. मग आम्ही दोघांनी चहा केला आणि पाऊस थांबेपर्यंत बोलत बसलो. इतके आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मित्रहो, मुले बोलावतात तेव्हा नुसते पाहुणे होऊन जाऊ नका. कामातला वाटा मागून घ्या. वही मात्र मुलाने ठेवून घेतली आहे.

गणपती बाप्पा मोरया!