घराजवळचे पक्षी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पक्षिनिरीक्षणास अरण्य, दुर्बीण आणि रिकामा वेळ हवा, असा आपला समज असतो. तो दूर व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे. दिल्लीतील आपल्या गच्चीवरून समोरच्या कडुनिंबाकडे रोज सकाळी पंधरा मिनिटे पाहिले, तरी आरंभास पुरे.

अनोळखी पक्षी दिसताच रंगाआधी आकार पाहावा. तो चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी आणि चाल. हिवाळ्यात हिरवळीवर तुरुतुरु धावणारा, शेपटी सतत खालीवर हलविणारा तो धोबी. उत्तरेकडून आलेला पाहुणा. शेपटी उभारून गाणारा काळापांढरा तो दयाळ. आणि आपण जिला गाणारी ‘कोकिळा’ म्हणतो, तो वस्तुतः लाल डोळ्यांचा काळाभोर नर असतो. मादी तपकिरी, ठिपकेदार. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात.

उन्हाळ्यात भर दुपारी ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज येतो. कित्येक दिवस मी तो शेजारच्या पंपाचाच समजत होतो. तो निघाला तांबट! हिरवे अंग, कपाळावर आणि छातीवर तांबडा ठिपका, आकार जेमतेम चिमणीहून मोठा. हिंदीत त्याला छोटा बसंता म्हणतात. तेही नाव गोड आहे, मुलांनी अवश्य शिकावे. परंतु ‘तांबट’ म्हणताच पुण्याची तांबट आळी आणि तेथील मठारकामाचा ठोका कानी येतो. मुलांनी ती आळी पाहिलेली नाही. हा पक्षी मात्र त्यांच्या खिडकीबाहेर आहे. नाव आपण सांगितले नाही, तर ते आपल्याबरोबरच संपेल.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल, हाही येथे आहे. पिंपळ पिकला की पिवळ्या पायांच्या या हिरव्या कबुतरांचे थवे त्यावर उतरतात आणि पानांत असे मिसळतात की हलल्याखेरीज दिसत नाहीत. दिल्लीने 2012 साली चिमणीला राज्यपक्षी केले. दोन्ही राज्यांचे मानकरी एकाच रस्त्यावर भेटतात!

एक वही ठेवावी. तारीख, वेळ, झाड आणि पक्षी काय करीत होता, एवढे लिहावे. घरट्याजवळ जाऊ नये. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवावे. सलीम अलींचे 1941 साली प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक जवळ असावे आणि त्यातील चित्रांखाली मराठी नावे आपल्या हाताने लिहावीत.

पुढची पिढी मराठी बोलेल काय, ही चिंता आपण मंडळात पन्नास वर्षे करीत आलो. तिचे उत्तर मजपाशी नाही. पण उद्या सकाळी नातवंडाला गच्चीवर न्यावे आणि एका पक्ष्याचे नाव सांगावे, इतके आपल्या हाती आहे.