चित्रपटाचे मूक साक्षीदार



आमच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. तंबूंतील सिनेमाच्या काळीं यात्रेकरू आधीं दाराशीं टांगलेलीं छायाचित्रें न्याहाळीत आणि मगच कनवटीचे पैसे सोडीत. या छायाचित्रांस धंद्यांत 'स्टिल' म्हणतात. तीं टिपणाऱ्याचें नांव मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

पुष्कळांची समजूत अशी कीं, हीं चित्रें फिल्मच्या पट्टींतूनच काढतात. वस्तुस्थिति निराळी आहे. बोलपटाचा कॅमेरा एका सेकंदांत २४ चित्रें घेतो. प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें एकपन्नासांश सेकंद प्रकाश येतो. तेवढ्या वेळांत हललेला हात पुसट उमटतो. पडद्यावर तें जाणवत नाहीं, कारण पुढचें चित्र लगेच येतें. पण तेंच एक चित्र मोठें करून टांगलें तर डोळ्यांस खुपतें. म्हणून दृश्य मनाजोगें झालें कीं नटनटी क्षणभर त्याच ठेवणींत पुन्हां उभीं राहत आणि स्टिलवाला आपल्या कॅमेऱ्यानें तो क्षण टिपून घेई. जाहिरातीखेरीज दुसराही उपयोग असे: काल पदर कोणत्या खांद्यावर होता, याची साक्ष आज तेंच चित्र देई.

अशा छायाचित्रांचा मोठा संग्रह जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थानें मागें ठेविला. १९०३ सालीं म्युनिक येथें जन्मलेला हा माणूस 'प्रेम संन्यास' (१९२५) या मूकपटाच्या निमित्तानें हिंदुस्थानांत आला. हिमांशु राय व देविकाराणी यांनीं १९३४ सालीं मालाड येथें स्थापिलेल्या बॉम्बे टॉकीजचा तो छायालेखक झाला. 'अछूत कन्या' (१९३६) चें चित्रण त्याचेंच. मुख्य काम चलच्चित्राचें. परंतु स्थिर कॅमेऱ्यानें त्यानें नटांबरोबर पडद्यामागचीं माणसें, दिवे व यंत्रेंही टिपलीं. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि इंग्रज सरकारनें त्यास स्थानबद्ध केलें. तरी सुटल्यावर तो येथेंच रमला. 'महल' (१९४९) त्यानें चित्रित केला. 'पाकीझा' पुरा होण्यापूर्वींच १९६७ सालीं तो वारला. कुटुंबीयांनीं तो ठेवा जपला, म्हणून २०१७ सालीं पणजीस त्याचें प्रदर्शन भरूं शकलें.

उलट उदाहरण 'आलम आरा'चें. आपला हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. संवाद गेले, गाण्यांचे आवाज गेले. राहिलीं तीं कांहीं स्थिर छायाचित्रें. ज्या कामास धंद्यांत दुय्यम मानलें, त्याच्याच आधारानें त्या बोलपटाचे चेहरे आज आपण ओळखतों.

यांतून आपणांसही घेण्याजोगें आहे. आपल्या घरीं लग्नाचीं, शाळेचीं जुनीं छायाचित्रें असतील. त्यांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें माणसांचीं नांवें, गांव व साल लिहा. टिपणाऱ्याचें नांव ठाऊक असल्यास तेंही लिहा. आपल्याकडील पावसाळ्याची ओल त्यांस लागूं देऊं नका. ओळखणारीं वडील माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.