पहिल्या प्रकरणाचे गणित

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. विज्ञान शाखेच्या तसेच वाणिज्य शाखेच्याही. विद्यार्थ्यांमध्ये ते ‘स्कोअरिंग’ म्हणून ओळखले जाते. सत्यता सारण्या भरायच्या, हमखास गुण पदरात पाडायचे आणि पुढच्या प्रकरणाला लागायचे. माझे म्हणणे असे, की उरलेले सगळे पुस्तक याच प्रकरणाच्या आधाराने वाचायला हवे. अकरावी-बारावीत गणित जड जाते ते सूत्रे वाढतात म्हणून कमी, आणि विधानाची दिशा सांभाळावी लागते म्हणून अधिक.

दहावीपर्यंत ही दिशा फारशी सांभाळावी लागत नाही. पायथागोरसचे प्रमेय झाले की त्याचा व्यत्यास येतो आणि तोही खरा निघतो. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचे तेच, चक्रीय चौकोनाचेही तेच. मग ‘हे असेल तर ते’ म्हणजेच ‘ते असेल तर हे’, अशी समजूत नकळत पक्की होते. कलनात ती अंगाशी येते. एखाद्या बिंदूपाशी फलन विकलनीय असेल तर ते तिथे संतत असतेच. पण संतत आहे म्हणून विकलनीय असेलच, असे नाही. क्षच्या केवल मूल्याचा आलेख शून्यापाशी तुटत नाही, तरी तिथे कोपरा असल्यामुळे विकलज मिळत नाही. क्षच्या घनाचा विकलज शून्यापाशी शून्य होतो, पण तिथे ना कमाल मूल्य मिळते ना किमान. फलन वाढतच राहते. विकलज शून्य आला की उत्तर लिहून मोकळा होणारा मुलगा आकडेमोडीत चुकलेला नसतो, तर्कात चुकलेला असतो. त्याच पद्धतीची आणखी पन्नास उदाहरणे सोडवून ही चूक जात नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. तिथे सिद्धता आठवत बसायला सवड कोणाला? मान्य, तिथे युक्त्या लागतातच. पण प्रत्येक युक्तीला अट असते. ‘क्षचे वर्गमूळ बरोबर क्ष वजा 2’ या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला की 4 आणि 1 अशी दोन उत्तरे येतात. त्यातले 1 मूळ समीकरणाला चालत नाही, कारण वर्ग करताना आपण एकाच दिशेने गेलो, परतीची वाट तपासली नाही. ती तपासायला काही सेकंद पुरतात. मात्र तपासायची असते हे आधी ठाऊक हवे.

दुसरा आक्षेप असा, की सगळेच काही गणितज्ञ होणार नाहीत. होणार नाहीतच. पण विकलजाची सूत्रे पुढे न लागणाऱ्यालाही ‘औषध घेतले आणि बरे वाटले, म्हणजे औषधानेच बरे वाटले’ असल्या विधानांशी रोज गाठ पडते. राहिला प्रश्न पोर्शन पूर्ण करण्याचा. त्यासाठी वेगळे तास नकोत. प्रत्येक प्रमेयानंतर शिक्षकांनी एवढेच विचारावे, की याचा व्यत्यास खरा आहे का, आणि नसेल तर एक प्रतिउदाहरण द्या. मंडळाच्या लेखी परीक्षेला 80 गुण आहेत आणि 20 गुण वेगळे आहेत. त्या 20 गुणांत असा एक प्रश्न तोंडी विचारायचे ठरले, तर मुले पहिले प्रकरण वर्षभर हाताशी ठेवतील.