आधी यादीत नाव, मग बाटली आडवी
(तळोजा येथील नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज विषय दोन आहेत, परवडणारी घरं आणि दारूचे परवाने. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं येताना एका भावाने विचारलं. संबंध हप्त्याचा आहे. सिडकोने जानेवारी 2025 मध्ये घरांच्या किमती जाहीर केल्या. तळोज्यात अत्यल्प उत्पन्न गटासाठी त्या 25 लाखांच्या आसपास सुरू झाल्या. 20 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता 17 हजारांच्या वर जातो. घरातला माणूस रोज 200 रुपयांची प्यायला लागला, की महिन्याला 6 हजार गेले. म्हणजे हप्त्याचा तिसरा हिस्सा. सोडतीत लागलेलं घर अशा वेळी बँकेच्या नोटिशीपर्यंत पोचतं, आणि ती नोटीस आधी बाईच्या हातात पडते.

मग हे निर्णय घेतं कोण? पनवेलची नगरपालिका 1852 सालची. 1 ऑक्टोबर 2016 ला तिची महापालिका झाली आणि खारघर, कळंबोली, कामोठे, तळोजा तिच्यात आले. आपल्याला वाटतं, सगळं आता नगरसेवकाच्या हातात. पण घरांची सोडत काढते सिडको. 2018 मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी मिळून 14,838 घरांची सोडत निघाली, तीही सिडकोचीच. दारूचा परवाना देतं राज्याचं उत्पादन शुल्क खातं. खारघरचे लोक कित्येक वर्षं दारूमुक्तीसाठी मोर्चे काढतात, सह्या गोळा करतात. त्यात सगळ्या धर्मांची माणसं आहेत. तरी परवान्याची फाईल महापालिकेच्या सभागृहातून जात नाही. ठराव जरूर मागा, पण ठरावाने शटर खाली येत नाही.

शटर खाली आणण्याची ताकद कायद्याने आपल्या हातात दिली आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. लक्षात घ्या, आलेल्या मतांपैकी नाही, यादीतल्या एकूण नावांपैकी.

इथेच आपण अडकतो. मी एका इमारतीत सह्या घ्यायला गेले होते. मजल्यावर चार दारं. चारही घरांतल्या बायका म्हणाल्या, "आपा, कुठे सही करू?" यादी उघडली, तर एकीचं नाव मुंब्र्याला, एकीचं गोवंडीला, एकीचं गावी म्हसळ्याला. चौथीचं कुठेच नव्हतं. त्या दिवशी त्या मजल्यावरून मी एकही सही न घेता उतरले. उलट, जे लोक सोडून गेले त्यांची नावं अजून इथल्या यादीत आहेत. ती मतदानाला येत नाहीत, पण निम्म्याच्या हिशेबात मोजली जातात. घर बदललं आणि नाव बदललं नाही, की दारूवाल्याला आयतंच मत मिळतं.

भाडेकरू बहिणींना वेगळं सांगते. सोसायटीतल्या गाळ्यात नवं दारूचं दुकान काढायचं, तर सोसायटीचं ना-हरकत लागेल, असं सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं. चांगलं आहे. पण सोसायटीच्या सभेत हात वर करतो तो घरमालक. भाडेकरूकडे फक्त मत आहे, म्हणून तिचं नाव यादीत असणं जास्त गरजेचं.

आता थोडं आपल्याच लोकांना. दारू हराम आहे, यावर आपल्यात वाद नाही. जुम्म्याला आपण ते ऐकतो आणि मान डोलावतो. पण शेजारच्या हिंदू, बौद्ध बहिणीकडे सही मागायला जाताना आपला मसला घेऊन जाऊ नका. तिच्या घरचा हप्ता आणि तिच्या मुलाची शाळा यांबद्दल बोला. आणि एक विचारते. दारूविरुद्ध बोलणारे आपण, आपल्याच मालकीची खोली भाड्याने देताना करार नोंदवून देतो का? तो नसला तर भाडेकरूला पत्त्याचा पुरावा कुठून मिळणार?

म्हणून आज तीन कामं घेऊन घरी जा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8 भरा, नाव कुठेच नसेल तर फॉर्म 6. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, म्हणून निवडणूक जवळ येण्याची वाट बघू नका. दुसरं, खोली भाड्याने दिली असेल तर करार नोंदवा. तिसरं, आपल्या मजल्यावरच्या चार दारांची जबाबदारी एकेकीने घ्या. फॉर्म भरून द्या आणि यादीत नाव आलं का, ते पुन्हा बघा.

परवाना मागणाऱ्याचे कागद नेहमी पूर्ण असतात. आपलेही असले पाहिजेत. बाहेर टेबलावर फॉर्म ठेवले आहेत, पेनही आहेत. चहा नंतर घेऊ.

अल्लाह आपल्याला तौफीक देवो.