लिफ्ट, मोटार आणि बंद दार

२२ डिसेंबर १९७५. दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून संगीतकार वसंत देसाई मुंबईतल्या घरी परतले आणि राहत्या इमारतीच्या बिघडलेल्या लिफ्टने त्यांना चिरडले. वय होते ६३.

देसाई जन्माने कोल्हापूरचे नव्हेत, कुडाळजवळच्या सोनवड्याचे. पण ते घडले ते कोल्हापुरातच. १९२९ साली इथे प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि पडेल ते काम करायच्या तयारीने हा कोकणी तरुण व्ही. शांताराम यांच्याकडे दाखल झाला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीत गोविंदराव टेंब्यांचे. त्यांच्या सहवासात देसाईंचा कान तयार झाला. त्या चित्रपटात ते पडद्यावर दिसले आणि गायलेही. पुढे ‘अमर भूपाळी’तल्या होनाजीच्या रचना, ‘श्यामची आई’, ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना हे सगळे त्यांच्याच हातून उतरले. ती प्रार्थना आजही कितीतरी शाळांत रोज सकाळी म्हटली जाते. म्हणणाऱ्या पोरांना संगीतकाराचे नाव ठाऊक नसते, याची हळहळ वाटते.

देसाईंच्या मृत्यूच्या आगेमागे आणखी दोन मृत्यू उभे आहेत, आणि दोन्ही त्यांच्याच गाण्यांशी जोडलेले.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या नृत्यपटाच्या शीर्षकगीतासाठी देसाईंनी उस्ताद अमीर खाँना बोलावले. अतिविलंबित ख्यालाची ज्यांची ख्याती, जे एकेक स्वर निवांतपणे उलगडत जायचे, त्यांच्याकडून देसाईंनी द्रुत चालीतला अडाणा गाऊन घेतला. तार षड्जाभोवती खेळणारा हा राग. कोरसच्या गजरातून खाँसाहेबांची तान सुटते तेव्हा ती चित्रपटासाठी पातळ केलेली वाटत नाही, मैफिलीतलीच वाटते. गवयाला सिनेमात आणणारे पुष्कळ झाले, त्याला गवई राहू देणारे थोडे. देसाई त्या थोड्यांतले.

संगीतकार आणि गायक, दोघांचाही जन्म १९१२ चा. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात अमीर खाँ गेले. पुढच्याच वर्षी देसाईही गेले.

तिसरे नाव वाणी जयराम. वेल्लोरची, लग्नानंतर मुंबईत आलेली, बँकेत नोकरी करणारी ही मुलगी पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे शिकत होती. देसाईंनी तिला आधी मराठीत गायला लावले. ‘देव दीनाघरी धावला’ नाटकातले कुमार गंधर्वांसोबतचे ऋणानुबंधाचे गीत मराठी घरांत आजही निघते. मग आला १९७१ चा ‘गुड्डी’ आणि मियाँ मल्हारातले ते पपीहऱ्याचे गाणे. एका गाण्याने देशभर नाव झाले.

२०२३ च्या प्रजासत्ताकदिनाच्या यादीत वाणीबाईंचे नाव पद्मभूषणसाठी जाहीर झाले. ४ फेब्रुवारीला चेन्नईतल्या घराचे दार कोणी उघडेना. आत त्या मृतावस्थेत सापडल्या; कपाळाला जखम होती. त्या एकट्याच राहत होत्या. पोलिसांनी संशयास्पद मृत्यूची नोंद केली आणि तेवढ्याने घातपाताची चर्चा सुरू झाली. सीसीटीव्ही तपासले गेले. बाहेरचे कोणी आत आल्याचे दिसले नाही. शयनगृहात पडून डोके मेजावर आपटले, असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष चर्चेइतका पसरला नाही.

मृत्यूमागे घातपात शोधण्याची ही खोड जगभरची. १७९१ मध्ये मोझार्ट आजाराने गेला, तरी सालिएरीने विष घातल्याची अफवा उठली. पुश्किनने तिच्यावर नाटक लिहिले, पुढे चित्रपटही निघाला आणि बिचारा सालिएरी मारेकरी म्हणूनच लोकांच्या डोक्यात बसला. उलट १७६४ मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक लक्लेरचा खरोखर भोसकून खून झाला, मारेकऱ्याला कधीच शिक्षा झाली नाही, आणि त्याचे नाव आज संगीताच्या अभ्यासकांबाहेर फारसे कोणी घेत नाही.

आवडता कलावंत यंत्राच्या बिघाडाने किंवा घरातल्या घरात पडून गेला, हे मनाला पटत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला मारायला तेवढाच मोठा वैरी हवा असे वाटते. ही प्रेमाचीच बाजू आहे, हे मान्य. पण त्या प्रेमातून निरपराध माणसांवर संशय येतो आणि खरा दोष मोकळा सुटतो. देसाईंच्या मृत्यूत शोधायला वैरी नव्हता. चोख चालायला हवी होती ती एक लिफ्ट. मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा १९३९ पासून होता. परवाना आणि तपासणी त्यात सांगितलेली होती.

कोल्हापुरात आता पाच-सात मजली इमारती गल्लोगल्ली झाल्या आहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगरंगोटीच्या आधी लिफ्टच्या तपासणीची तारीख विचारा, आणि घरात एकटे राहणाऱ्या वयस्कर शेजाऱ्याचे दार रोज एकदा वाजवा.